जाड पान

मावशींनी पुस्तकाची कड वाफेवर धरली आणि मनातल्या मनात वीसपर्यंत मोजलं. वीस झाले की पोलादी पट्टीचं टोक दोन पानांच्या मध्ये हलकेच सारायचं, जरा दाब द्यायचा आणि थांबायचं. घाई केली तर कागद सोलवटून येत होता, उशीर केला तर त्याचा लगदा होत होता. पहिल्या तीन पुस्तकांची वाट लागली तेव्हा कुठे हे वीसचं गणित बसलं.

बर्नरवर चंबू खदखदत होता. त्याच्या बुचातून निघालेल्या रबरी नळीला बारीक तोंडाची काचेची नळी जोडलेली होती आणि तिच्यातून वाफेची सरळ रेघ निघत होती. विज्ञानाच्या बाईंनी हे सगळं सकाळी पाच मिनिटांत उभं करून दिलं होतं. बाई शाळेत नव्या होत्या, वयानं मावशींच्या निम्म्या, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या हातांकडे बघायच्या.

"मावशी, हे चिकटवलं कुणी होतं हो? तिजोरीलासुद्धा असं कुलूप लावत नाहीत."

"मीच."

बाईंनी मान वर केली.

"काम सांगितलं की नीट करायचं, एवढंच येतं मला," मावशी म्हणाल्या.

बाई हसल्या. मावशींनीही हसल्यासारखं केलं आणि पुढचं पुस्तक ओढलं.

बारा वर्षांपूर्वी नववीला आरोग्य आणि कुटुंबजीवन हा विषय आला, तेव्हाची ही पुस्तकं. ती आली आणि आठवड्याभरात पाच-सहा पालक मुख्याध्यापकांच्या खोलीत येऊन बसले. तेव्हाचे मुख्याध्यापक काही वाईट माणूस नव्हते, त्यांना फक्त कटकट नको होती. पानं फाडावीत तर पुस्तकं सरकारी. मग त्यांनी त्यातल्या त्यात एक वाट काढली. सत्तर ते एकोणऐंशी ही पानं चिकटवून टाकायची. प्रयोगशाळेतल्या मावशींचा हात स्वच्छ, म्हणून काम त्यांच्याकडे आलं. एकोणसत्तर उलटलं की थेट ऐंशी. मधला सगळा मजकूर पुठ्ठ्यासारख्या एका जाड पानाच्या पोटात. पुस्तकं शाळेची होती, वर्षअखेर परत यायची. कुणी पान उघडलेलं असलं की मावशी ते पुन्हा चिकटवायच्या. मुलं बिलंदर. जाड पानावरचा प्रश्न परीक्षेला येणार का, असं भोळ्या चेहऱ्यानं विचारून शिक्षकांची भंबेरी उडवायची.

तीन वर्षांनी विषयच बंद झाला. त्या वर्षीची पुस्तकं परत आली तशी लोखंडी कपाटात गेली. आता नवं परिपत्रक आलं होतं. विषय यंदापासून पुन्हा सुरू, नवी पुस्तकं मात्र छापून यायला वर्ष जाणार. बाई म्हणाल्या, जुनी आहेत की. कपाट उघडलं तेव्हा किल्ली मावशींच्याच जुडग्यात होती. नऊ वर्षं दर शनिवारी त्यांनी ते कपाट बाहेरून पुसलं होतं, आतून एकदाही नाही.

प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या कव्हराच्या आत एक चिठ्ठी डकवलेली होती. त्यावर तीन वर्षांची तीन नावं. वाफेवर धरण्याआधी मावशी कव्हर उघडून तिसरं नाव वाचत होत्या. बाईंना वाटलं, त्या पुस्तकांचा क्रमांक बघतायत.

तिसऱ्या वर्षी नववीत मावशींची लेक होती.

ती त्याच वर्षी गेली, सोळावं लागायच्या आत. अंडाशयावर गाठ होती. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कागद खालीवर केले आणि म्हणाले, ही गाठ औषधाला चांगली दाद देते, पण चार महिने आधी आणायला हवं होतं. त्या चार महिन्यांत लेक पोटावर दप्तर धरून चालायची. कमरेत गणवेश तटतटायला लागला तेव्हा मावशींनी तिला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि एकच प्रश्न विचारला, कोण आहे तो. लेक रडायला लागली. रडते म्हणजे खरंच असणार, असं मावशींनी धरलं. आणखी दोन आठवडे त्या अबोल्यात गेले.

ह्या सगळ्यातून मावशींच्या मनात एक खडा उरला होता. त्या दहा पानांत काय होतं? त्यांनी ती कधी वाचली नव्हती. सातवीपर्यंत शिकलेल्या, वाचायला येत नव्हतं असं नाही. पण खळ लावायचं काम सांगितलं होतं, वाचायचं नव्हतं. त्या पानांत अशा दुखण्याचं काही नसेल तर प्रश्नच मिटला. आणि असेल, तर त्यांनी आपल्या हातांनी ते लेकीपासून बंद करून ठेवलं होतं. तिच्या वर्षीची पुस्तकंही त्यांनीच चिकटवली होती, तिचंही.

चौथं पुस्तक नीट उघडलं. मावशींनी ते टिपकागदावर उताणं ठेवलं आणि काठाला आलेली निळसर खळ ओल्या फडक्यानं पुसली. कसर लागू नये म्हणून त्या खळीत चिमूटभर मोरचूद घालायच्या, तिचा तो रंग. मग हात पुसून त्यांनी बोटानं ओळीवरून ओळ वाचायला घेतली. बाई दुसऱ्या टेबलावर वह्या तपासत होत्या.

बरंचसं साधंच होतं. शरीरातले बदल, स्वच्छता, झोप, आहार. शहात्तराव्या पानावर एक चौकट होती.

"पोट फुगणे, ओटीपोटात जडपणा वा सतत दुखणे, पाळी चुकणे ही लक्षणे अनेक कारणांनी दिसतात. त्यांची लाज बाळगू नये. घरच्यांनी मुलीवर संशय घेऊ नये. उशीर न करता डॉक्टरांकडे जावे."

मावशींनी चौकट दोनदा वाचली. मग ओलं पुस्तक वाळायला ठेवलं, त्यावर वीट ठेवली आणि पाचवं पुस्तक घेतलं. त्या दिवशी त्यांनी अकरा पुस्तकं उघडली.

"दमलात का?" जाताना बाईंनी विचारलं.

"छे. बसून तर होते."

संध्याकाळी घरी नवरा पुढच्या खोलीत शिलाई यंत्रावर होता. तो शिंपी होता. पुरुषांचे सदरे आणि पडदे शिवायचा. मुलींचे कपडे त्यानं नऊ वर्षांत हातात घेतले नव्हते, आणि गिऱ्हाइकांनीही कारण विचारणं सोडून दिलं होतं. मावशी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

"होतं त्यात," त्या म्हणाल्या.

त्यानं तळहातानं चाक थांबवलं. काय, असं त्यानं विचारलं नाही.

"सगळं?"

"सगळं. पोटाचं, पाळीचं. मुलीवर संशय घेऊ नये, असंसुद्धा लिहिलंय."

त्यानं सुईखालचं कापड सोडवलं आणि गुडघ्यावर घेऊन ते सारखं करत राहिला.

"तिच्या गणवेशाची शिवण मी उसवून दिली होती. दोनदा," तो म्हणाला. "म्हटलं, वाढतं वय आहे."

"ठाऊक आहे मला."

"तूच एकटी नाहीस, एवढंच म्हणतोय."

मावशी स्वयंपाकघरात गेल्या. भांडी घासायला घेतली आणि रोजच्यासारखं त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. लेक त्या दारात येऊन उभी राहायची. शेवटच्या काही महिन्यांत तर रोज. एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून, खांदा चौकटीला लावून विचारायची, "आई, तुझं काम झालं का?"

मावशी म्हणायच्या, आईचं काम कधी झालंय? आलीच आहेस तर एवढी भांडी पुसून ठेव. लेक मुकाट्यानं भांडी पुसायची, जागच्या जागी लावायची आणि जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात. मावशींना तिचं भारी कौतुक वाटायचं. शेजारणींना त्या सांगायच्या, लोकांच्या पोरी हाक मारली तरी येत नाहीत, माझी न सांगता येऊन विचारते. लेक गेल्यावर सगळं आठवून आठवून झिजलं, पण ही एक आठवण त्यांनी जपून ठेवली होती. एवढं एक तरी आपल्या वाट्याला गोड आलं, असं त्यांना वाटायचं.

लेकीचं पुस्तक चौथ्या दिवशी सापडलं.

गठ्ठ्याच्या तळाशी होतं, आणि त्याची एक कड कुरतडलेली होती. बाकी एवढ्या पुस्तकांत कुठेच कसर नव्हती. मावशींनी कव्हर उघडलं. तिसरं नाव लेकीच्या अक्षरात होतं. आडनावाची शेवटची वेलांटी, जागा न पुरल्यामुळे, खाली वळवलेली. हे पुस्तक त्यांनी स्वतःच्या पिशवीतून शाळेत परत आणलं होतं, तिचं दिवसकार्य झाल्यानंतरच्या आठवड्यात, आणि न उघडता गठ्ठ्यात सरकवलं होतं.

त्यांनी ते वाफेवर धरलं. आठपर्यंत मोजलं असेल नसेल, तोच पान सुटलं.

मावशी थबकल्या. त्यांनी लावलेली खळ वीसच्या आत सुटत नव्हती. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला आणि उजेडात धरून पाहिला. खळ पांढरी होती. निळी झाक नव्हती. आणि ती सलग रेघेतही लावलेली नव्हती. बोटाच्या टोकानं, थोड्या थोड्या अंतरावर, ठिपक्यांसारखी लावलेली होती.

हे पान कुणीतरी उघडलं होतं आणि पुन्हा बंद केलं होतं. इतर पोरांनी उघडलेली सात-आठ पुस्तकं निघाली होती, त्यांच्या पानांच्या चिंध्या झाल्या होत्या आणि समासात नको ती चित्रं होती. पुन्हा चिकटवायचे कष्ट कुणी घेतले नव्हते. आईच्या नजरेला पडू नये असं ज्याला वाटेल, तेच लेकरू ते कष्ट घेणार.

खळ मावशी घरीच शिजवायच्या. कणीक किती, पाणी किती, हे लेकीनं लहानपणापासून पाहिलं होतं. मोरचुदाची बाटली वरच्या फळीवर असायची. ते विष आहे, त्या निळ्या बाटलीला कधी हात लावायचा नाही, असं तिला चालायला यायला लागल्यापासून बजावलेलं होतं. चोरून पान उघडणाऱ्या लेकीनं तेवढं मात्र पाळलं होतं.

म्हणजे तिला ठाऊक होतं.

मावशींच्या छातीतून एक श्वास सुटला, लांब, नऊ वर्षांत सुटला नव्हता असा. आपण बंद केलेलं तिनं उघडून वाचलं होतं. आपल्या खळीनं तिला अडवलं नव्हतं. पण तो श्वास पुरता बाहेर पडतो न पडतो तोच त्याच्या मागून दुसरा प्रश्न आला. ठाऊक होतं, तर मग बोलली का नाही? जिची आई असली पानं चिकटवते, ती पोर आईशी काय बोलणार?

शहात्तराव्या पानावरच्या चौकटीला पेन्सिलीची एक बारीक खूण होती. खाली 'उशीर न करता' या शब्दांखाली रेघ होती, पट्टी लावून ओढलेली. मावशींनी पुढची पानं सोडवली. सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तरवर कसलीच खूण नव्हती. एकोणऐंशीवर धड्याच्या शेवटची कृती होती. आधीच्या पुस्तकांत त्यांनी ती वाचली होती, पण तिच्यातल्या रिकाम्या रेघा पाहून पान उलटलं होतं.

"काही गोष्टी सांगणे अवघड वाटते. अशा वेळी कोणाला सांगायचे आणि पहिले वाक्य कोणते बोलायचे, हे आधी ठरवून ठेवावे. पहिले वाक्य सोपे असावे. ते बोलले गेले की पुढचे आपोआप येते.

(अ) मी कोणाला सांगेन?

(आ) माझे पहिले वाक्य काय असेल?"

इथे रेघा रिकाम्या नव्हत्या. पेन्सिलीनं, हलक्या हातानं, लेकीनं लिहिलं होतं.

पहिल्या रेघेवर, आईला.

दुसऱ्या रेघेवर, आई, तुझं काम झालं का?

वाफ कधी थांबली ते मावशींना कळलं नाही. चंबूतलं पाणी आटून तळ कोरडा पडला होता आणि काच तडतडायला लागली होती. बाई खुर्ची मागे सारून धावत आल्या, त्यांनी बर्नर बंद केला. मग त्यांची नजर टेबलावर गेली. कव्हर उघडंच होतं. चिठ्ठीवरचं तिसरं आडनाव त्यांनी वाचलं. तेच आडनाव रोज सकाळी हजेरीच्या वहीत सहीच्या जागी त्यांना दिसत असे. त्यांनी मावशींच्या हातांकडे पाहिलं. हात पुस्तकाच्या दोन बाजूंना टेबलावर पालथे पडलेले होते.

बाईंनी टिपकागदाचे दोन तुकडे आणले, पान एकोणऐंशीच्या वर-खाली ठेवले आणि पुस्तक मिटलं.

"एखादं कसरीनं खाल्लेलं असतंच," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "ते वर्गात द्यायचं नसतं. काढून टाकायचं असतं."

"हो," मावशी म्हणाल्या.

पुस्तकं वाटायच्या आधी मुलांनी केलेल्या पेन्सिलीच्या खुणा खोडून टाकायच्या होत्या. पुढचे दोन दिवस मावशी खोडरबर घेऊन बसल्या. समासातल्या मिशा, शिंगं, बदाम, कुणाचं कुणाशी जमलंय त्याची नावं, सगळं त्यांनी खोडलं आणि फुंकरीनं उडवलं. एक पुस्तक त्यांच्या टेबलाच्या खणात, धुतलेल्या फडक्याखाली राहिलं. घरी त्यांनी नवऱ्याला एवढंच सांगितलं, की लेकीनं ते वाचलं होतं. पुढचं सांगायला तोंड उघडलं, पण तो सुईत दोरा ओवत होता आणि दोरा नेढ्यात जातच नव्हता. त्यांनी त्याच्या हातातून सुई घेतली आणि ओवून दिली.

सोमवारी तिसऱ्या तासाला धडा झाला. नववीचा वर्ग प्रयोगशाळेत बसला. पुस्तकं वाकडी झालेली, पानं वाळून लाटांसारखी उभी राहिलेली. ती पाहून पोरांनी आपापसांत शेरे मारले. अंघोळ घातलेली पुस्तकं, असं एकजण म्हणाला आणि वर्ग खिदळला. मावशी नेहमीसारख्या मागच्या मोरीवर चंचुपात्रं धूत होत्या. बाईंनी शहात्तराव्या पानावरची चौकट संथपणे, एकही शब्द न गाळता वाचली. खिदळणं हळूहळू विरलं. मग त्यांनी शेवटची कृती करायला सांगितली. पुस्तकात नको, वहीच्या मागच्या पानावर. कुणाला दाखवायची नाही, मलासुद्धा.

पेन्सिली चालायला लागल्या. मावशींनी नळ बंद केला. पन्नास-साठ पेन्सिलींचा आवाज किती बारीक असतो हे त्यांनी इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. काही मुलांनी भराभर लिहिलं आणि बाकावर डोकं टेकलं. काही नुसती खिडकीबाहेर बघत राहिली.

मधली सुट्टी झाली. पोरं धडाधड बाहेर पडली. मधल्या सुट्टीत मावशींचं काम ठरलेलं असायचं. टेबलं पुसायची, काचेच्या नळ्या ताटलीत लावायच्या, पुढच्या तासाचं सामान काढायचं. बाई मुख्याध्यापकांकडे जाऊन परत आल्या तेव्हा टेबलांवर खडूची भुकटी तशीच होती, मोरीत अर्धी चंचुपात्रं पडलेली होती. प्रयोगशाळेची दोन्ही दारं सताड उघडी होती. मावशींनी एक स्टूल दारापाशी ओढून घेतलं होतं आणि त्या त्यावर बसल्या होत्या. मांडीवर दोन्ही हात, रिकामे, तळवे वर. समोरून मुली जात-येत होत्या.

"मावशी, बरं वाटत नाही का?" बाईंनी विचारलं.

"बरी आहे."

"नाही, बसलात म्हणून विचारलं. काम राहिलंय का काही? मी करू का?"

मावशींनी आत मोरीकडे पाहिलं, मग पुन्हा दाराबाहेर.

"नाही बाई," त्या म्हणाल्या. "माझं काम झालं."